दुसऱ्या ओळीतली अंडी

तांबेवाडीच्या महिला गटानं अंडं वाचणारं यंत्र मागवायचं ठरवलं, तेव्हा त्यासाठी सगळ्यांत जास्त घसा कोरडा केला तो उज्ज्वलानं. "आणा की! माझ्या लावऱ्या काय कुणाला भितात व्हय?" असं ती भर बैठकीत म्हणाली होती. विरोध फक्त एकीनं केला, तिच्या धाकट्या जावेनं, जयश्रीनं. "चाललंय ते बरं चाललंय, कशाला पायजे यंत्रबिंत्र," एवढं बोलून ती खाली बसली. उज्ज्वलानं तिच्याकडे न बघताच शेजारणीला ऐकवलं, "जळतंय, दुसरं काय!"

तांबेवाडी माणदेशाच्या कडेला आहे. पाण्याच्या नावानं बोंब, त्यामुळं गावात आता गायीम्हशी मोजक्याच उरल्या होत्या. शाळांच्या जेवणात लावरीचं उकडलेलं अंडं सुरू झालं आणि गावाचं नशीब बदललं. लावरी म्हणजे मुठीत मावणारा पक्षी. तिला पाणी लागतं वाटीभर आणि जागा वितभर. शाळेच्या मागं लांबलचक शेड उभी राहिली, तिच्यात पिंजऱ्यांच्या आठ ओळी, आणि गटातल्या प्रत्येक बाईला एकेक ओळ. सकाळी प्रत्येकीनं आपल्या ओळीतली, पिंजऱ्यांपुढच्या पन्हाळीत घरंगळून आलेली अंडी आपल्या ट्रेमध्ये भरायची आणि टेबलावर आणून ठेवायची. मग ड्रायव्हर नसलेली पांढरी गाडी यायची, आपोआप हॉर्न वाजवायची आणि अंडी घेऊन जायची. आत कुणी नाही हे माहीत असूनही उशीर झाला की बायका तिला मनसोक्त शिव्या घालायच्या.

या शेडमध्ये दुसरी ओळ उज्ज्वलाची. वय पंचावन्नच्या पुढं, बोलायला खणखणीत, सगळ्यांची उजाक्का. बाकीच्या बायका आठ-नऊ महिन्यांत लावऱ्या काढून टाकायच्या आणि नवी पिल्लं आणायच्या. उजाक्काच्या लावऱ्या वर्ष उलटून गेलं तरी तशाच अंड्यावर. तिचा ट्रे कधी रिकामा दिसला नाही. तिला कुणी विचारलं की ती म्हणायची, "म्हातारी झाली म्हणून काय टाकून द्यायची? माया लावली की लावरी वय विसरती." बायकांना हे पटायचं, कारण ट्रे समोर दिसत होता.

आता गट स्वतःची पिल्लं काढायला निघाला होता. उबवणीची खोली बांधून तयार होती. कुणाच्या लावऱ्यांची अंडी त्या खोलीत जाणार आणि खोलीची चावी कुणाच्या कमरेला लागणार, एवढंच ठरायचं होतं. म्हणजे उज्ज्वलाच्या नावानं ठरल्यातच जमा होतं. नवरा गेल्यापासूनच्या वर्षभरात उज्ज्वलानं दुसऱ्या कशाची इतकी आस धरली नव्हती. रिकाम्या घरात उठायचं कशासाठी, याला त्या चावीत उत्तर होतं.

पण विद्यापीठाच्या पक्षीविभागातून आलेल्या डॉ. स्वरा ऐवळे म्हणाल्या, "काकू, ज्यांची पिल्लं पुढं सगळ्या तालुक्यात जाणार, त्या लावऱ्या मोजल्याशिवाय निवडता येणार नाहीत." मुलगी तिशीच्या आतली, पण बोलणं ठाम. म्हणून यंत्र.

यंत्राचं काम समजायला फार शिकावं लागत नाही. लावरी दीड महिन्याची झाली की अंड्यावर येते. पुढं काही महिने ती जवळजवळ रोज एक अंडं देते, तेही दुपार कलल्यावर, बहुतेक दिवेलागणीच्या आधी. मग उतार लागतो. वयाबरोबर अंडं मोठं होतं पण संख्या घटते, कवच पातळ होतं, आणि फोडून बशीत टाकलं तर पांढरा भाग ताठ उभा न राहता पाण्यासारखा पसरतो. वजनाचंही तसंच आहे. अंगानं फार हलकी लावरी उशिरा अंड्यावर येते आणि बारकी अंडी घालते. फार जड झाली की तिच्या पोटात चरबी धरते, मग अंडं मोठं येतं पण चार दिवसांत एखादं, आणि त्यातून पिल्लू निघायची खात्री कमी. ना वाळलेली ना सुटलेली, अशी मधल्या अंगाची लावरीच खरी कामाची.

हे सगळं जुनं ज्ञान. नवं होतं ते ठिपक्यांचं. लावरीच्या अंड्यावर तपकिरी शिंतोडे असतात हे सगळ्यांना दिसतं, पण प्रत्येक लावरीचे शिंतोडे तिचे स्वतःचे असतात. एकीचे मोठे डाग, दुसरीची बारीक नक्षी, तिसरीचं नुसतं पुसट पिठूळ. अंडं बाहेर पडण्याआधी शेवटच्या काही तासांत हा रंग कवचावर चढतो, आणि कोणती लावरी कसा रंग चढवणार हे तिच्या जन्मभर बहुधा बदलत नाही. टेबलावरच्या यंत्राचा डोळा ही नक्षी वाचायचा, उजेड आरपार सोडून कवचाची जाडी बघायचा. आणि पिंजऱ्यातल्या एकेका लावरीच्या खणाखाली वजनाची पातळ पट्टी होती. लावरीनं अंडं घातलं की तिचं वजन अंड्याइतकं एका झटक्यात उतरतं. पट्टी ते टिपायची. पट्टी सांगणार कोणी अंडं घातलं, डोळा सांगणार ते अंडं कसं आहे. बायकांनी पहिल्याच दिवशी यंत्राचं नाव ठेवलं, कुंडलीवाला.

"पहिला महिना ते नुसतं शिकेल," स्वरा म्हणाली. "तोपर्यंत काही सांगणार नाही. तुम्ही नेहमीसारखंच वागा."

"आमी काय यंत्राला बघून लाजतोय व्हय!" उज्ज्वला म्हणाली, आणि सगळ्या हसल्या. जयश्री हसली नाही. तिची ओळ तिसरी, उज्ज्वलाच्या बरोबर समोर, मध्ये फक्त एक बोळ. त्या बोळात चार वर्षांत दोघी एका वेळी कधी उभ्या राहिल्या नव्हत्या.

चार वर्षांपूर्वी जयश्रीची पहिलीच पिल्लं रोगानं मेली होती. ती कोपऱ्यात बसून रडत असताना उज्ज्वला सगळ्यांदेखत म्हणाली, "हिच्या हाताला यश न्हाई. हिला माझ्या ओळीला हात लावू दिऊ नका." तेवढ्यावर न थांबता तिनं गटात नियमच करून घेतला. एकीनं दुसरीच्या ओळीला किंवा ट्रेला हात लावायचा नाही, लावला तर गटाबाहेर. जयश्रीनं त्या दिवसापासून मोठ्या जावेशी बोलणं सोडलं. उज्ज्वलाला आपण जास्त बोललो हे दुसऱ्याच दिवशी कळलं होतं. पण थोरलीनं धाकटीपुढं जायचं कसं, या विचारात चार वर्षं गेली.

दोघींनी वेळा वाटून घेतल्यासारखं झालं होतं. उज्ज्वला दिवस मावळायच्या आधी शेडमध्ये येऊन आपल्या लावऱ्यांपाशी थोडा वेळ घालवून जायची. झाडलोट आणि रात्रीचं पाणी यांची पाळी जयश्रीची, ती उज्ज्वला गेल्यावर यायची.

महिना संपला तसं स्वरानं सगळ्यांना शेडमध्ये बोलावलं. भिंतीवर पडदा लावला होता. गटाच्या अध्यक्ष नसीमभाभी मुलाणी पुढच्या खुर्चीवर बसल्या होत्या. नसीमभाभींचा नवरा गटाच्या काढलेल्या लावऱ्या नेऊन विकायचा, त्यामुळं कुठली लावरी किती भरलेली हे त्यांना हातात धरून कळायचं. उज्ज्वला मुद्दाम इरकली नेसून आली होती.

स्वरानं पहिली ओळ दाखवली. ठीक. मग ती दुसऱ्या ओळीवर आली आणि तिनं तेच आकडे पुन्हा वाचले.

"इथं काहीतरी जुळत नाही," ती म्हणाली. "वजनाच्या पट्ट्या सांगतात की दुसऱ्या ओळीत अंडी फारच थोडी पडतात. पण सकाळचा ट्रे तर जवळजवळ भरलेला असतो. आणि ट्रेमधल्या बहुतेक अंड्यांचे ठिपके दुसऱ्या ओळीतल्या लावऱ्यांचे नाहीत."

"मंग कुणाचे?" नसीमभाभींनी विचारलं.

"तिसऱ्या ओळीतल्या लावऱ्यांचे. पट्ट्यांवर सगळ्यांत जास्त अंडी त्याच ओळीत पडतात."

मग कुणीतरी मागून हळूच म्हणालं, "आगं बाई, उजाक्का..." आणि वाक्य अर्धंच सोडलं. अर्ध्या वाक्यानं जे काम केलं ते पुऱ्या वाक्यानं झालं नसतं. सगळ्यांच्या नजरा इरकलीवर आल्या. वर्षभराचा तो भरलेला ट्रे, म्हाताऱ्या लावऱ्यांचं ते कौतुक, सगळ्याचा अर्थ एका क्षणात बदलला.

उज्ज्वलाला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा ती ताडकन उभी राहिली. "मी? मी हिची अंडी चोरीन? चार वर्षं ज्या ओळीकडं बघितलं न्हाई, तितं हात घालीन? नसीम, माझ्या गेलेल्या मालकाची आन हाय, मी एक अंडं उचललं न्हाई!"

"आमी कुठं काय म्हणतोय," नसीमभाभी सावकाश म्हणाल्या. "पण यंत्राला काय तुझ्याशी वैर न्हाई, उजा. आणि नियम तूच केलेला हाय."

उज्ज्वलानं भरल्या शेडवर नजर फिरवली. सगळ्यांनी तिला चोर ठरवलं होतं, आणि ज्या यंत्रानं ठरवलं ते तिनंच भांडून आणलं होतं.

"आक्कांनी न्हाई घेतली."

आवाज मागून आला. जयश्री उभी होती. पदर घट्ट धरलेला, नजर खाली. गप्प राहिली असती तर चावी तिच्याकडे आपल्या पायानं चालत आली असती, हे शेडमधल्या प्रत्येकीला कळत होतं.

"मीच ठिवत हुते," जयश्री म्हणाली. "सांच्याला झाडायला आले की माझी अंडी त्यांच्या पन्हाळीत सोडत हुते. त्या सांच्याला नुसत्या लावऱ्यांकडं बघत्यात, पन्हाळीत सकाळीच हात घालत्यात. त्यांना म्हाईत न्हाई."

"का गं?" नसीमभाभींनी विचारलं.

"थोरलं भावजी गेलं तवा आक्का दीड महिना घराभायेर आल्या न्हाईत. त्यांची ओळ मीच बघितली, तुमीच सांगितलंवतं. तवाच अंडी निम्म्यावर आलीवती. रीतीनं लावऱ्या काढायला पायजे हुत्या. पण त्या घरात बाईमाणूस एकटं. त्या उठून कुठं आल्या असतील तर ह्या लावऱ्यांपाशी. त्याबी काढल्या असत्या तर..." तिनं वाक्य गिळलं. "म्हटलं, थोडे दिस ठिवू. मंग थांबायचं कसं, त्ये कळंना."

"यंत्र आलं तवा तरी थांबायचं," नसीमभाभी म्हणाल्या.

"थांबले असते तर त्याच दिवशी त्यांची ओळ उघडी पडली असती. चालू ठिवलं म्हणून म्हैना तरी मिळाला."

एकदोघींनी पदर डोळ्यांना लावला. उज्ज्वलानं नाही लावला. तिला जे वाटलं ते चांगलं नव्हतं, पण खरं होतं. तिला भयंकर राग आला. चोर ठरली होती तेव्हा निदान मान ताठ होती. आता तीही राहिली नाही.

"माझ्यावर दया करायला तुला कुणी सांगितलं?" ती ओरडली. "माझ्या लावऱ्या चांगल्या हायत! एकेकीला हातात घिऊन बघा!"

"घेतल्यात मी हातात," नसीमभाभी म्हणाल्या. "लई भरल्यात."

स्वरानं पडद्यावर वजनं आणली. आवाज शक्य तितका मऊ ठेवून ती म्हणाली, "काकू, गटाचं खाद्य सगळ्यांना मोजून सारखंच मिळतं. तरी तुमच्या लावऱ्या इतरांपेक्षा खूपच जड आहेत. वय झालेलं, त्यात हे वजन. आणि पट्ट्यांवर रोज एक गोष्ट दिसते. दिवस मावळायच्या जरा आधी सगळ्यांचं वजन थोडं वाढतं. तुम्ही वरून काही घालता का त्यांना?"

उज्ज्वलानं पदर सावरला. तिची नजर जमिनीवर होती.

"भाकरी," जयश्री म्हणाली.

सगळ्यांनी तिच्याकडे बघितलं.

"रोज सांच्याला झाडताना पिंजऱ्याखाली कुस्करा निघतो. ज्वारीच्या भाकरीचा, शेंगदाण्याची चटणी लागल्याली." जयश्रीचा आवाज अगदी बारीक झाला. "भावजींच्या वाटणीची असती ती. आक्का अजून दोघांच्याच थापत्यात."

ही गोष्ट उज्ज्वलानं कुणाला सांगितली नव्हती. स्वतःलाही नीट सांगितली नव्हती. रोज परातीत पीठ घेताना हात सवयीनं दोघांपुरतं घ्यायचा. भाकऱ्या झाल्यावर दोन उरायच्या. त्या टाकवायच्या नाहीत, खाववायच्या नाहीत. मग ती त्या पदराखाली घेऊन शेडमध्ये यायची. लावऱ्या माना बाहेर काढून गडबड करायच्या, आणि कुणाला तरी वाढल्याचं समाधान घेऊन ती घरी जायची. तीच भाकरी लावऱ्यांच्या पोटात चरबी होऊन बसली होती. मायेनं लावरी वय विसरत नाही, अंडं विसरते, एवढंच त्या सगळ्या आकड्यांत लिहिलं होतं.

नसीमभाभींनी खुर्ची मागं सारली. "हे बघ उजा. जयश्रीनं तुझ्या ओळीला हात लावला, ह्ये तिनं कबूल केलं. नियमाप्रमाणं ती भायेर. पण तक्रार जिच्या ओळीला हात लागला तिनं करायची असती. तू तक्रार केलीस तर आमाला तिला काढावं लागंल. उद्या सकाळपतूर काय त्ये सांग."

उज्ज्वला तडक निघून गेली.

त्या संध्याकाळी तिनं चूल पेटवली. पीठ घेतलं, मळलं, थापलं. तव्यावर चौथी भाकरी फुगली तेव्हा तिच्या लक्षात आलं की आजही चारच केल्या. ती तव्याकडे बघत बसली आणि मग तिला रडू आलं. नवरा गेला तेव्हा बायका म्हणायच्या, मोकळी हो, रड. तेव्हा रडू आलं नव्हतं. आता एका भाकरीसाठी आलं. रडून झाल्यावर तिनं तोंड धुतलं, आधी नसीमभाभींच्या दारात गेली, आणि तिथून शेडकडे.

आज ती आपल्या वेळेला गेली नाही. मुद्दाम उशिरा गेली. जयश्री बोळात झाडत होती. दारात सावली बघून तिनं खराटा थांबवला. चार वर्षांत पहिल्यांदा दोघी त्या बोळात एका वेळी उभ्या होत्या.

उज्ज्वला आपल्या ओळीपाशी गेली. लावऱ्यांनी ओळखीची चाहूल घेऊन माना बाहेर काढल्या. तिनं एकीला बाहेर काढून तळहातावर घेतलं. किती दिवस ती या जडपणाचं कौतुक करत आली होती! तिनं लावरी परत आत ठेवली.

"नसीमकडं जाऊन आले," ती पाठमोरीच म्हणाली.

जयश्रीचा हात खराट्यावर आवळला. "मंग? उद्यापासनं न्हवं येयाचं मी?"

"त्यो नियम पुसायला सांगितला. मी तुझ्या रागानं क्येलावता, माझ्याच तोंडानं काढला. माझी ओळ उद्या रिकामी करायची. न्यायला येतील तवा मी हितं हुबी ऱ्हानार हाय, लपून बसनार न्हाई." तिनं पिंजऱ्याचं दार लावलं. "आणि उबवणीची चावी तुला द्यायला सांगितली."

"मला कशाला? माझ्या हाताला..."

"यश हाय," उज्ज्वला वळून म्हणाली. "यंत्र म्हणतंय. आणि यंत्र नव्हतं तवा मी खोटं बोलले. माझं चुकलं, जयू."

जयश्रीनं खराटा भिंतीला टेकवला. तो घसरून पडला, तिनं उचलला नाही. "तुमी काय करनार मंग? ओळ रिकामी ठिवनार?"

"तुझ्याकडनं पिल्लं घीन की. मधल्या अंगाची, बघून दे. आणि त्यांना गटाचं खाद्य सोडून काय घातलं तर हात धर माझा. पर एक ऐक." उज्ज्वलाचा आवाज खणखणीत करायचा प्रयत्न फसला. "मला काय द्यायचं असंल तर समोर हुबी ऱ्हाऊन दे. आसं पन्हाळीत सोडून जाऊ नगंस. आता त्येबी जमायचं न्हाई, कुंडलीवाला सांगतोय सगळं."

जयश्री हसली आणि हसता हसताच तिनं डोळे पुसले. "आणि तुमी? तुमी तरी कवा समोर आलाव?"

उज्ज्वलानं पदराखालचं फडकं सोडलं. आत दोन भाकऱ्या होत्या, वर चटणी. खाद्याच्या पोत्यावर ती बसली आणि शेजारची जागा हातानं झटकली.

"बस. खा."

"लावऱ्यांची हाय न्हवं ही?"

"लावऱ्यांची कवाच नव्हती," उज्ज्वला म्हणाली. "एकटीपुरतं पीठ घ्यायला माझा हात अजून शिकला न्हाई. शिकंपतूर तू जेवायला येत जा."

जयश्री बसली. दोघींनी भाकरी मोडून खाल्ली. समोरच्या लावऱ्या माना बाहेर काढून बराच वेळ वाट बघत राहिल्या, आणि त्या दिवशी दुसऱ्या ओळीत कुणाचंही वजन वाढलं नाही.